कारंजं सुरू झालं तर

परवा संध्याकाळी नागपुरातल्या एका बागेत माझ्या बुटाची लेस सुटली. गुन्हा एवढाच. वाकलं की पोट मधे येतं, म्हणून जुन्या दगडी कारंज्याच्या कट्ट्यावर टेकलो, तर मागून अशी शिट्टी वाजली की लाफ्टर क्लबवाले हसता हसता थांबले आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

गार्डदादा आले. "काऊन बसले भाऊ तिथं?"

"लेस बांधतोय."

"ऐतिहासिक हाय ते. बसाचं नाही. अन् कारंजं सुरू झालं तं भिजान ना तुमी!"

मी आत डोकावलो. वाळकी पानं, खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, चार-पाच पन्न्या, एक डावी चप्पल. शेवाळसुद्धा वाळून त्याच्या पापड्या सुटलेल्या. म्हटलं, "दादा, हे शेवटचं कधी सुरू होतं?"

त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. "मी लागलो तवापासून तं नाही."

"किती वर्षं झाली लागून?"

आता याला तोंड रिकामं पाहिजे. त्यांनी मान वळवली, खर्र्याची लांबलचक पिचकारी थेट त्या ऐतिहासिक कारंज्यात सोडली, मग म्हणाले, "सहा."

सहा वर्षांत त्या कारंज्यात उडालेली धार तेवढीच असावी.

आता बघा, याच नागपुरात झिरो माइलला 1907 चा, इंग्रजांच्या मोजणीचा खांब आहे, त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची दिलीय 1020.171 फूट. फुटाचा हजारावा भाग मोजून गेले लोक, तेही ना कॅल्क्युलेटर ना काही, आणि इथं एक मोटर दुरुस्त होत नाही. लहानपणी महाराजबागेत जायचो, भोसल्यांची बाग, तिथं निदान माणूस कुठंही बसायचा, पिंजऱ्यात काय ते प्राणी. इथं दहा रुपयांचं तिकीट काढून बसायचं कुठं? बाक तीन. दोन बाकांच्या फळ्या गायब, तिसऱ्यावर गार्डदादांचा डबा आणि दुपट्टा, आणि तो डबा उचलायची माझी हिंमत नव्हती. खाली गवतावर बसावं तर मे महिना, गवत कुठलं, नुसती तापलेली माती. कारंजं जपायला माणूस ठेवलाय, कारंज्यात पाणी सोडायला नाही, हे कुणाच्या डोक्यातनं निघालं देव जाणे.

शेवटी मी एका पायावर उभा राहिलो. गार्डदादांनी स्वतःहून खांदा पुढे केला. "धरा भाऊ, बांधा आरामानं."

दुसरी लेसही ढिली होती. ती तशीच फरफटत घरी आलो.