मटणाच्या मेसेजमधलं ‘पोट’

आखाड लागला की सोलापुरात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि त्याच सुमारास तो मेसेजही फिरायला लागतो. यंदा मला तो एका दिवसात चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: जागतिक आरोग्य संघटनेने मटण-चिकनला सिगारेटच्या रांगेत बसवलंय, मांस पोटात तीन दिवस सडतं आणि त्यातून पोटाचा कॅन्सर होतो, शाकाहारी माणसाला तो होतच नाही. खाली हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

मला मटणाची वकिली करायची नाही. यातल्या शाकाहारी माणसाच्या वाक्यावर विश्वास ठेवून आमच्या घरातलं एक माणूस उशिरा दवाखान्यात गेलं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी ती सिगारेटची रांग. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेत 10 देशांतले 22 तज्ज्ञ बसले आणि त्यांनी 800 हून जास्त अभ्यास तपासले. सॉसेज, सलामी, बेकन, हॅम असं मीठ-नायट्राइट लावून किंवा धुरी देऊन टिकवलेलं मांस त्यांनी पहिल्या गटात टाकलं, म्हणजे यामुळे कॅन्सर होतो याला पुरेसा पुरावा आहे. बोकडाचं, मेंढीचं, डुकराचं साधं लाल मांस गेलं त्याखालच्या गटात: बहुधा होत असावा, पण माणसांतला पुरावा मर्यादित. साधं चिकन दोन्हीकडे नाही. मेसेजवाल्याने तिन्ही एकाच पातेल्यात टाकली.

आता पहिल्या गटात तंबाखूही आहे, हे खरं. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते सांगत नाहीत. मुंगी चावते हे विंचू चावण्याइतकंच पक्कं आहे, म्हणून दोघांचं विष सारखं होत नाही. संघटनेने तेव्हाच आकडे देऊन ठेवलेत: जगात तंबाखूमुळे कॅन्सरचे वर्षाला सुमारे 10 लाख मृत्यू, प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनामुळे सुमारे 34 हजार. आणि तंबाखूचा धूर जठराचाही कॅन्सर करतो. विडीच्या या गावात त्याबद्दलचा मेसेज मला एकदाही आलेला नाही, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात मोठा घोळ ‘पोट’ या शब्दात आहे. आपल्याकडे बरगड्यांखालून ओटीपोटापर्यंत सगळं पोटच. दुखलं तरी पोट, बिघडलं तरी पोट. पण डॉक्टरांच्या लेखी जठर वेगळं आणि मोठं आतडं वेगळं, त्यांचे कॅन्सर वेगळे, कारणंही बरीचशी वेगळी. या मेसेजच्या लांबलचक आवृत्तीत ‘18 टक्के’ असा आकडा असतो. तो मोठ्या आतड्याचा आहे. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्याला त्या कॅन्सरचा धोका न खाणाऱ्यापेक्षा 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा अर्थ. शंभरातल्या अठरा जणांना होतो असा नाही. समजा एरवी हजारात 20 जणांना व्हायचा, तर तो 23-24 जणांना होईल. जठराच्या कॅन्सरशीही प्रक्रिया केलेल्या मांसाचा संबंध दिसला, पण इतका पक्का नाही. साध्या लाल मांसाबाबत तज्ज्ञांनी आतडं, स्वादुपिंड आणि प्रोस्टेट यांची नावं घेतली. त्यांत जठर नाही.

नुसत्या मांसाने जठराचा कॅन्सर होत असता तर तो अमेरिकेत सगळ्यात जास्त दिसला असता. प्रत्यक्षात तिथल्यापेक्षा कमी मांस खाणाऱ्या जपानमध्ये तो कित्येक पट जास्त आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या खारवलेली मासळी, खारवलेल्या भाज्या खाल्ल्या जातात, आणि दुसरं एक कारण आहे, त्याकडे येतोच.

मांस तीन दिवस सडतं, हे तर साफ खोटं. जठरात आम्ल असतं, मांस पचवणारं पेप्सिन असतं. मटण चार-पाच तासांत पुढे सरकतं. दिवसभर किंवा त्याहून जास्त मुक्काम असतो तो मोठ्या आतड्यात, आणि तिथे तुमच्या ज्वारीच्या भाकरीचा चोथाही तेवढाच थांबतो.

मेसेजमध्ये खऱ्याचा अंश कुठे आहे तेही सांगायला हवं, कारण उलट बाजूने ‘सगळं थोतांड आहे, हाणा’ म्हणणारेही कमी नाहीत. मिझोराममध्ये जठराचा कॅन्सर देशात सगळ्यात जास्त आहे, आणि तिथल्या अभ्यासांत धुरावलेलं, खारवलेलं मांस आणि तंबाखू यांच्याकडे बोट दाखवलं गेलंय. आपल्याकडे उरलेल्या मटणाला मीठ-हळद चोळून, दोरीवर वाळवून चान्या करायचे. त्या, खारी सुकी मासळी, फ्रीजरमधली सॉसेज हे सगळं कधीमधी खाण्याचं आहे. निखाऱ्यावर भाजताना सळईवरच्या मांसाची चरबी ठिबकून जो काळा धूर वर येतो आणि कड करपते, ती करपलेली कड काढून टाका. रविवारच्या रस्स्याला मात्र या रांगेत उभं करू नका.

आता शाकाहारी माणसाला होत नाही, हे वाक्य. ब्रिटनमध्ये साठ हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, त्यात शाकाहारी लोकांत जठराचा कॅन्सर खरोखर कमी दिसला. पण मुळात रुग्णच थोडे होते, आणि कमी म्हणजे शून्य नाही. कारण या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण ताटात नाहीच. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठराच्या अस्तरात घर करतो. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला, 1994 मध्ये तो कॅन्सरकारकांच्या पहिल्याच गटात गेला आणि 2005 मध्ये मार्शल व रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तो बहुधा लहानपणी, दाटीवाटीच्या घरात, एकमेकांकडून किंवा दूषित पाण्यातून येतो. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो आहे. त्यांतल्या फार थोड्यांना कॅन्सर होतो, पण जंतू ताटात काय आहे ते बघून येत नाही.

माझे काका पंचविसाव्या वर्षी माळकरी झाले, एकही वारी चुकवली नाही. दोन वर्षं त्यांना आंबट ढेकरा येत होत्या. ओवा, सोडा, मेडिकलमधली गोळी चालू होतं. भाकरीचा चतकोर दुधात कुस्करून घ्यायचे आणि तोही अर्धा ठेवायचे. पट्ट्याला त्यांनी खिळा ठोकून दोन नवी भोकं पाडली होती. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं तेव्हा काकू दवाखान्यात चला म्हणून मागे लागली. काकांनी तिला हाच मेसेज दाखवला. ‘अगं, आपण माळकरी. आपल्याला कसला कॅन्सर?’

दुर्बिणीची तपासणी झाली तोवर गाठ जठरातून यकृतात गेली होती. सात महिन्यांत ते गेले.

ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झालाय, त्याने या जंतूची तपासणी करून घ्यावी असं डॉक्टर सांगतात. श्वासाची नाहीतर शौचाची साधी तपासणी असते. काकांच्या दोन्ही मुलांनी ती गेल्या महिन्यात केली. धाकट्याची निगेटिव्ह आली. थोरल्याची पॉझिटिव्ह आली, त्याच्या 14 दिवसांच्या गोळ्या चालू आहेत, आणि डबीतल्या गोळ्या काकू रोज रात्री मोजते.