‘फोन हॅक झालाय’ म्हणण्याआधी चार्जर तरी काढून पाहा

गेल्या आठवड्यात माझ्या आईच्या फोनची स्क्रीन आपोआप चालू लागली. हात न लावता ॲप उघडत होते, भलतीच अक्षरे उमटत होती, आणि एकदा तर रात्री अकराला मावशीला फोन लागला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमुखाने निदान केले की फोन हॅक झाला आहे. घाबरलेली आई कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली, आणि त्या दुकानदाराने काहीही न तपासता, बॅकअप आहे का एवढेही न विचारता, ‘व्हायरस आहे’ म्हणून फोन रीसेट करून आठशे रुपये घेतले. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांचे फोटो त्या फोनमध्ये होते. ते सगळे गेले.

घरी येऊन तिने फोन चार्जिंगला लावला, तर स्क्रीन पुन्हा नाचू लागली. दोष रस्त्यावरून घेतलेल्या दीडशे रुपयांच्या चार्जरचा होता. बोट टेकल्यावर विद्युतभारात होणारा बारीकसा बदल टचस्क्रीन मोजत असते आणि निकृष्ट चार्जरमधून येणारी अस्थिर वीज तिला बोटासारखीच भासू शकते. चार्जर काढला की थांबते आणि लावला की सुरू होते, हे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. तेवढे कोणालाही सुचू नये याचा मला अजून संताप येतो. फोन तापला, बॅटरी लवकर उतरली, स्टोरेज भरून फोन अडकू लागला, की लोकांच्या तोंडी लगेच हॅकर येतो. चार वर्षे वापरलेली बॅटरी थकते आणि मोठ्या अपडेटनंतर एखादा दिवस फोन गरम राहू शकतो, हे कोणी ऐकूनच घेत नाही.

आणि जिथे खरोखर घाबरायला हवे होते, तिथे हीच मंडळी निवांत होती. काकांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होते, म्हणजे ती पत्रिका नव्हती, ते ॲप होते. ते उघडेना म्हणून काकांनी तीनदा दाबले, अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करायची परवानगी दिली, एसएमएस वाचायचीही दिली, आणि तरी काहीच दिसले नाही तेव्हा सगळे म्हणाले, ‘फाइल खराब असेल.’ दोन दिवसांनी काकांच्या नंबरवरून नातेवाइकांना तीच पत्रिका जाऊ लागली, न मागितलेले ओटीपी येऊ लागले, आणि व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये एक अनोळखी संगणक दिसला. मग धावपळ करून फोनचे इंटरनेट बंद केले, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवले आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे वाचले, पण ते दोन दिवस फुकट का घालवले, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

काल मी तो चार्जर घेऊन त्या दुकानात गेले. त्याच्यासमोर तो लावला, काढला, पुन्हा लावला, आणि स्क्रीन कशी उड्या मारते ते दाखवले. तो म्हणाला, ‘मग व्हायरस चार्जरमधून आला असेल,’ आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या आजोबांचा फोन रीसेट करायला हातात घेतला.