एका प्रश्नचिन्हाने केला घात

परवा माझा पासवर्ड मोठ्याने वाचला गेला. अगदी खणखणीत, मधल्या अंडरस्कोअरसकट.

झालं ते एवढंच. ईमॅक्स या एडिटरमध्ये शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडलं होतं, त्यात एक स्क्रिप्ट चालवली, तिने पासवर्ड विचारला, मी टाइप केला. ठिपके नाहीत, तारे नाहीत, पासवर्ड देताना असते ती सभ्य शांतता नाही. जे टाइप केलं ते पडद्यावर लख्ख उमटलं. एरवी ही गोष्ट माझ्यात आणि ईमॅक्समध्ये राहिली असती. पण खांद्यामागे एक सहकारी उभे होते.

या गृहस्थांना पडद्यावर दिसेल ते वाचायची सवय आहे. मनात नव्हे, तोंडाने. फाइल सेव्ह केली की खालच्या पट्टीत ‘रोट’ (लिहिलं) आणि पुढे फाइलचा अख्खा पत्ता येतो, तो ते प्रत्येक तिरक्या रेघेला ‘स्लॅश’ म्हणत वाचतात. एरर आली तर आवाज आपोआप चढतो.

“उद्यापासून अंडरस्कोअर लवकर अंडरस्कोअर उठणार अंडरस्कोअर नऊ,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “ही कमांड आहे का?”

“नाही.”

“फाइलचं नाव?”

“नाही हो.”

“मग नऊ कशाचे? सकाळचे नऊ म्हणजे काही फार लवकर नाही.”

नऊ म्हणजे नववी आवृत्ती. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती असली की संकल्प तोच राहतो, आकडा तेवढा वाढतो. हे त्यांना सांगायची काही गरज नव्हती. मी सांगितलं.

“पण तुम्ही पासवर्ड असा उघड्यावर का टाइप करता?” त्यांनी विचारलं. “माझ्या टर्मिनलात तर काहीच दिसत नाही.”

इथे खरं दुखणं आहे. साध्या टर्मिनलात, म्हणजे फक्त कमांडसाठीच्या खिडकीत, कळ दाबली की अक्षर कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) टीटीवाय ड्रायव्हरकडे जातं, आणि ते परत पडद्यावर उमटवायचं की नाही हे तो ठरवतो. पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम त्याला ‘एको बंद’, म्हणजे अक्षरं उमटवू नकोस, एवढंच सांगतो आणि निर्धास्त होतो. ईमॅक्सच्या शेल बफरमध्ये (बफर म्हणजे एडिटरमधलं उघडं पान) मात्र तुम्ही शेलशी बोलतच नसता. तुम्ही एका कागदावर लिहीत असता. एंटर दाबलं की एडिटर ती ओळ उचलून शेलच्या हातात देतो. तोवर आपण काय लिहिलं, काय खोडलं, याचा शेलला पत्ताच नसतो. म्हणजे माझ्या स्क्रिप्टने एको इमानेइतबारे बंद केला होता. फक्त एको होतच नव्हता. समोर दिसत होतं ते माझं हस्ताक्षर.

“मग बाकी वेळी लपतो तो कसा?”

अंदाजाने! हा सगळा कारभार ‘कॉमिंट’ नावाचा भाग बघतो. ऑलिन शिव्हर्स यांनी तो १९८८च्या सुमारास लिहिला. शेलकडून आलेल्या मजकुराची शेवटची ओळ पासवर्डच्या मागणीसारखी दिसते का, हे तो एका रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षरांच्या साच्याने, ताडून पाहतो. दिसली तर मिनिबफरमध्ये, म्हणजे पडद्याच्या तळच्या ओळीत, वेगळं विचारतो, आणि तिथे अक्षरं झाकलेली असतात. त्यासाठी पासवर्ड या अर्थाच्या शब्दांची जगभरच्या भाषांतली यादी ईमॅक्समध्ये आहे. त्यात ‘गुप्तशब्द’ आहे, ‘शब्दकूट’ही आहे. कुणीतरी बसून इतकं केलं आहे. फक्त एक अट आहे : ओळीच्या शेवटी कोलन हवा. कोलनही तीन प्रकारचे चालतात, आपला नेहमीचा, चिनी-जपानी टायपातला रुंद, आणि ख्मेर लिपीतला.

प्रश्नचिन्ह चालत नाही.

आमच्या स्क्रिप्टने विचारलं होतं, ‘पासवर्ड?’

आता ही स्क्रिप्ट कुणी लिहिली, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

“विचारतोय तर प्रश्नचिन्ह नको का?” खांद्यामागून आवाज आला.

“कोलन घालतात हो. सगळे कोलनच घालतात.”

“सगळे चुकतात. कोलनपुढे यादी येते. पासवर्ड ही काय यादी आहे?”

“तुमच्या व्याकरणापायी माझा पासवर्ड गेला.”

“माझ्या व्याकरणापायी नाही, तुमच्या एडिटरपायी गेला. माझ्याकडे टर्मिनलला एक खिडकी, एडिटरला दुसरी. दोघांची कधी गाठ पडत नाही.” आणि मग, जणू आठवलं म्हणून, “उठता का हो लवकर?”

उत्तर टाळायचं म्हणून मी त्याच शेलमध्ये घाईघाईने ‘गिट कमिट’ दिलं, म्हणजे कोडमधले बदल नोंदवायची कमांड; ती संदेश लिहायला एडिटर मागते. घाईत माणूस खड्ड्यातून विहिरीत पडतो.

“एरर,” आवाज चढला, “टर्मिनल इज डंब, बट एडिटर अनसेट.” मग पुन्हा एकदा, चवीने. “टर्मिनल ठोंब्या आहे, आणि एडिटर ठरवलेला नाही. तुम्ही बसलाय कुठे? एडिटरातच ना?”

बसलो होतो एडिटरातच. एडिटरच्या पोटात बसून एडिटर सापडत नाही असं ऐकून घ्यायची ही पहिली वेळ नव्हती, पण साक्षीदारासमोर पहिलीच. शेल बफर हा खरा टर्मिनल नाही, त्याला कर्सर वर-खाली नाचवता येत नाही. म्हणून ईमॅक्स प्रामाणिकपणे ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या नोंदीत) ‘डंब’ लिहून ठेवतो. मजकूर पानापानाने दाखवणारा ‘लेस’ ते वाचून ‘टर्मिनल पुरेसा सक्षम नाही’ अशी तंबी देतो आणि मग पान उलटायला स्पेस दाबावी तर स्पेस बफरमध्येच पडून राहते. गिट त्याहून कडक. टर्मिनल डंब दिसला की ‘व्हिज्युअल’ व्हेरिएबलकडे (तिथेही एडिटरचं नाव असतं) तो बघतही नाही. गिटच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एडिटर दिला नसेल तर ‘एडिटर’ व्हेरिएबल बघतो, तेही रिकामं असलं की हात वर करतो.

इलाज सोपा आहे, आणि तो त्या दिवशी केलेला नव्हता हीच बोच आहे. ईमॅक्स आपल्या शेलला ‘इनसाइड-ईमॅक्स’ नावाचं व्हेरिएबल देऊन ठेवतो. बॅश या शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत ते आहे का एवढं तपासायचं, आणि असेल तरच ‘पेजर’ला ‘कॅट’ (न थांबता सगळं छापणारा) आणि ‘एडिटर’ला ‘ईमॅक्सक्लायंट’ (चालू ईमॅक्सलाच फाइल उघडायला सांगणारा) द्यायचं. ईमॅक्समध्ये सर्व्हर चालू ठेवायचा. मग कमिटचा संदेश शेजारच्या बफरात उघडतो, लिहून झालं की कंट्रोल-एक्स आणि हॅश. बाहेरच्या टर्मिनलातल्या ‘लेस’ला यातल्या कशाचाही धक्का लागत नाही.

एंटरची दुसरी एक खोडी सांगितल्यावाचून राहवत नाही. बफरमध्ये वर जाऊन जुन्या कमांडवर एंटर दाबलं तर ती पुन्हा चालते. फाइल पुसणारं जुनं ‘आरएम’ वाचायला म्हणून वर गेलात आणि सवयीने एंटर दाबलंत, की वाचन संपलं. आणि आउटपुटच्या ओळीवर एंटर दाबलं तर ती ओळच कमांड म्हणून शेलकडे जाते. फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस -एल’च्या उत्तरातल्या ‘टोटल ४८’वर चुकून दाबा, शेल म्हणेल, ‘टोटल : कमांड नॉट फाउंड’. स्वतःच बोललेलं स्वतःच ओळखत नाही.

डिरेक्टरी बदलणाऱ्या ‘सीडी’चंही तेच. तुम्ही कुठल्या डिरेक्टरीत आहात हे ईमॅक्स शेलला विचारत नाही, तुम्ही टाइप केलेलं वाचून ताडतो. एखाद्या शॉर्टकट अलियासने उडी मारलीत की शेल एका गावात, एडिटर दुसऱ्या. एसएसएच करून दुसऱ्या मशीनवर गेलात तर आणखी घोळ. अशा वेळी ईमॅक्सला ‘एम-एक्स डर्स’ म्हणायचं, मग तो शेलला खरा पत्ता विचारतो.

“मग खरा टर्मिनल आत घ्या की,” असं तेही म्हणाले, सगळेच म्हणतात. आहे ना. ‘व्हीटर्म’ आहे. लिबव्हीटर्म या सी लायब्ररीवर चालतो, पहिल्यांदा सीमेक हे साधन लावून कंपाइल करावा लागतो आणि ईमॅक्स मॉड्यूल चालतील असा बांधलेला असावा लागतो. त्यात पासवर्ड लपतो, ‘लेस’ची पानं उलटतात. फक्त आउटपुट हा मग साधा मजकूर राहत नाही; काही शोधायचं, उचलायचं, तर कंट्रोल-सी, कंट्रोल-टी दाबून कॉपी मोडमध्ये जा. विम या दुसऱ्या एडिटरवाल्यांनी आमची मजा बघू नये. शेल आत चालवता येणार नाही, असं विमच्या मदतीच्या पानावर वर्षानुवर्षं ठणकावून लिहिलं होतं. १९९१ साली आलेल्या विमने २०१८मध्ये, ८.१ आवृत्तीत, टर्मिनल आत घेतलाच. आता शेलमध्ये शेवटचा शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू दाबावं तर विमला वाटतं खिडकी बदलायची आहे. शेलपर्यंत पोचवायचं असेल तर कंट्रोल-डब्ल्यूनंतर टिंब. एक शब्द खोडायला इतकी मिनतवारी.

मग मी या शेल बफरला चिकटून का आहे? तीन हजार ओळींचा बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम बांधतानाचा आउटपुट, अंगावर येतो तेव्हा कंट्रोल-एस दाबून हवी ती एरर शोधता येते, कंट्रोल-सी कंट्रोल-पीने मागच्या प्रॉम्प्टवर (कमांड द्यायच्या ओळीवर) उडी मारता येते, कंट्रोल-सी कंट्रोल-ओने तो ढिगारा पुसता येतो, म्हणून. बाहेरच्या खिडकीत लोक माउसने ओळी रंगवत वर-वर ओढत बसतात, ते मला बघवत नाही.

राग खरा आहे तो नवीन कमांड लिहिणाऱ्यांवर. आपण टर्मिनलात आहोत का हे विचारायचा एक जुना मार्ग आहे, आणि शेल बफरमागे स्यूडो-टर्मिनल (टर्मिनलचं सोंग) असल्यामुळे त्याचं उत्तर ‘हो’ येतं. तेवढ्यावर हे लोक खूश. ‘टर्म’मध्ये काय लिहिलंय ते वाचत नाहीत. रंगांचे कोड ईमॅक्सला समजतात, एका ओळीत मागे जाऊन पुन्हा लिहिलेलंही समजतं. पण ‘तीन ओळी वर जा’ म्हटलं की त्याला काही कळत नाही. मग प्रगती दाखवणारी तीन पट्ट्यांची नक्षी पुनःपुन्हा खाली छापली जाते, दोनशे वेळा, आणि एरर तिच्या तळाशी गाडलेली. २०१७मध्ये ‘नो-कलर’ (रंग नकोत) हे व्हेरिएबल पाळायचा साधा संकेत ठरला, तोही अर्धे पाळत नाहीत. एक ‘डंब’ शब्द वाचायला कितीसा वेळ लागतो? नाचायची हौस असेल तर नाचा, पण दार उघडून आत कोण बसलंय ते तरी बघा.

असो. पासवर्डचं निस्तरणं राहिलं होतं. टाइप केलेली प्रत्येक ओळ कॉमिंट आपल्या हिस्टरीत, म्हणजे दिलेल्या कमांडच्या यादीत, ठेवतो आणि शेल बंद होताना बॅशच्या हिस्टरी फाइलीत उतरवतो. बॅशने तो पासवर्ड पाहिलेलाही नसतो, पण त्याच्या वहीत लिहिला जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी शेलमधून बाहेर, मग फाइल उघडून ती ओळ काढायची. फाइल आधी साफ केलीत तर बाहेर पडताना ईमॅक्स ती पुन्हा लिहितो. मी आधी साफ केली होती.

शिवाय प्रॉम्प्ट विचित्र दिसला तर टाइप करण्याआधी ‘कॉमिंट-सेंड-इनव्हिजिबल’ ही कमांड द्यायची, ओळ झाकून जाते. किंवा त्या रेग्युलर एक्स्प्रेशनला प्रश्नचिन्हाचा पर्याय जोडायचा. मी दोन्ही केलं, आणि स्क्रिप्टवाल्यांना हात जोडून विनवलं की प्रश्नचिन्ह काढा.

काल त्यांनी काढलं. माझ्या खांद्यामागे येऊन स्वतः वाचून दाखवलं, “प्लीज एंटर युअर पासवर्ड.” आता पुढे ठसठशीत पूर्णविराम आहे.