घोट्याचा घोटाळा

तयार पँट कापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साडेपाच फुटांची बाई असते. आम्ही पाच फूट, तेही अंबाडा वर बांधला तर. त्यामुळे दर पँटीमागे चार इंच कापड टेलरकडे राहतं. नऊ चोक छत्तीस. आणि पाच फुटी बाईची पँट कंबरेपासून खालपर्यंत भरते साधारण ३६ इंच. म्हणजे दर नऊ पँटींमागे एक अख्खी पँट आम्ही रोख पैसे मोजून चिंध्यांच्या पोत्यात टाकतो. वर दुकानदार म्हणतो, "मॅडम, दुमडून घाला की, फॅशनच आहे."

आणि हे घडतं कुठे, तर सोलापुरात. शाळकरी पोरांचे गणवेश शिवून गावोगाव पाठवणारं हे शहर. पोरांच्या पँटीला आत दोन-तीन इंचांची जादा दुमड ठेवतात, पुढच्या वर्षी उसवायला. आमचं पुढचं वर्ष केव्हाच येऊन गेलं. दुमड उसवायची वेळ काही आली नाही.

उंच टाचेची सँडल होती तोवर सगळं झाकून जायचं. स्नीकर आला, टाच गेली आणि पँटीची कड उघडी पडली. तेव्हापासून जी ती बुटाच्या रंगावर बोलते. माझ्या मते रंग नंतरचा. खरं भांडण बुटाची वरची कड आणि पँटीची खालची कड यांच्यामधल्या दोन इंचांचं आहे. घोट्याचं. खालच्या पायाचा हा सगळ्यात बारीक भाग. तो दिसला की बघणारा अख्खा पाय तसाच धरून चालतो. तिथंच कापडाच्या चुण्या साठल्या, की पायाला उशी बांधल्यासारखं दिसतं. तेव्हा दाखवायचा तर नीट दाखवा, झाकायचा तर थेट लेसपर्यंत झाका. अर्धामुर्धा ठेवलात तर पाणी तुंबलेल्या बोळातून कपडे सावरत आल्यासारखं वाटतं.

आम्हा बुटक्यांना सगळ्यात मानवते ती स्ट्रेट पँट. आतल्या शिवणीची लांबी २४ ते २५ इंच, कड घोट्याच्या हाडाच्या बोटभर वर, आणि खालचा घेर, म्हणजे टेलरच्या भाषेत बॉटम, १३ ते १४ इंच. लोचा इथंच होतो. बऱ्याच पँटी खाली निमुळत्या होत जातात. ३० इंचांची शिवण कापून २५वर आणली की बॉटम आपोआप इंचभर वाढतो. लांबी अगदी बरोबर, पण कापड घंटेसारखं झुलतंय आणि पाय आत लोलकासारखा. म्हणून "पाच इंच कमी करा" एवढ्यावर थांबू नका. "गुडघ्यापासून खाली बॉटमही घ्या" म्हणा. त्याचे वेगळे पैसे लागतात. द्या.

रुंद पायांची वाइड लेग बुटक्यांनी घालू नये असं सांगणाऱ्या बायका बहुधा उंच असतात. बेलाशक घाला, पण ही घोटा झाकणाऱ्या पंथातली. पुढची कड लेसला टेकलेली, मागची जमिनीपासून सेंटिमीटरभर वर. त्यासाठी कड किंचित तिरकी हवी, मागे पुढच्यापेक्षा सेंटिमीटरभर लांब. सरळ कापली तर पुढे बुटावर चुणी पडते आणि मागे टाच उघडी राहते. बॉटम २० इंचांच्या आत ठेवा. त्यापुढे सोलापुरी चादर गुंडाळल्यासारखं होतं. आणि मग चादर काय वाईट, तिला भौगोलिक मानांकन तरी आहे. सोल सव्वा ते दीड इंचाचा असला तर पँट सुंदर पडते. मात्र त्या बुटाला कापलेली पँट चपलेवर घातली, की मागची कड टाचेखाली सापडते, आपल्या काळ्या मातीचा फुफाटा झाडत जाते आणि दोन महिन्यांत विरते. अशा पँटीचं एका बुटाशी लग्न लागलेलं असतं. चपलेशी संसार करायला वेगळी पँट घ्या.

सगळ्यात फसवी बूटकट, म्हणजे गुडघ्यापर्यंत आवळ आणि खाली पसरणारी. पँट बनवणाऱ्याने गुडघा धरलेला असतो जांघेपासून १३-१४ इंचांवर. आमचा येतो ११वर. त्यामुळे गुडघ्यापाशी आवळून जिथून पसरायचं, ती जागा नडगीवर उतरते. बरं, खालून चार इंच कापावं तर पसरलेला भाग नेमका तोच, तो जातो टेलरच्या टोपलीत. हातात उरते एक गोंधळलेली स्ट्रेट. ही दुरुस्तीची केस नाही. शिवूनच घ्या. कार्गोचंही तेच. लांबी कमी करता येते, मांडीवरचे खिसे वर चढत नाहीत, ते पोटरीवर लोंबत राहतात.

स्किनीबद्दल फार बोलायला नको. कड एकदाच, बोटभर दुमडा. दोनदा दुमडली की वळकटी. जॉगरचं इलॅस्टिक घोट्यावर ओघळू न देता त्याच्या वर बसवा.

कुर्तीखाली स्नीकर दिसला तर आता नव्या पेठेच्या बाजारात कुणी वळून बघत नाही. पण रेडीमेड पलाझो बहुतेक ३८ इंचांचा, आणि आम्हाला हवा ३५-३६. इलॅस्टिक दोनदा गुंडाळून उंची कमी करणाऱ्या भगिनींनो, ती गुंडाळी कुर्तीतून दिसते. चुडीदार मात्र स्नीकरवर घालूच नका. त्यातली जादा लांबी चुड्या पडण्यासाठीच ठेवलेली असते, आणि त्या सगळ्या बुटाच्या कडेवर येऊन बसतात, कासाराच्या हातातल्या माळेसारख्या.

आता बूट. आमचा पाय तीन नंबरचा, आणि बायकांच्या कप्प्यात कित्येकदा माल सुरू होतो चारपासून. सेल्समन म्हणतो, "जाड मोजे घाला ना." सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना! मुकाट मुलांच्या कप्प्यात जा. तिथला तीन नंबर पायाला बराचसा तोच बसतो आणि बहुधा स्वस्तही पडतो; फक्त टाचेला दिवे लागत नाहीत ना ते बघून घ्या. घोटा झाकणारे उंच गळ्याचे बूट उघड्या घोट्याच्या पँटीवर नकोत, पाय मधोमध तुटतो. फुगीर सोलचे दांडगे बूट बारीक घोट्याखाली विटा बांधल्यासारखे दिसतात. पुढून निमुळता, सपाट लेसचा, गळा खाली उतरलेला बूट बरा.

रंगाचं एवढंच, की बूट आणि पँट एका छटेत असली तर नजर अडखळत नाही. याचा पुरावा सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत दरवर्षी रस्त्यावरून चालत जातो. नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवणारे मानकरी वरपासून खालपर्यंत पांढरे, पांढरी बाराबंदी, पांढरं धोतर, आणि माणूस आहे त्यापेक्षा वीतभर उंच भासतो. काळ्या पँटीखाली पांढरेशुभ्र बूट घातले की नजर थेट जमिनीवर आदळते. घालायचेच असतील तर वर पांढरा टॉप घाला, म्हणजे ती पुन्हा वर येईल. मोजे बुटाच्या आत लपणारेच हवेत, टाचेला आतून रबराची पट्टी असलेले. पट्टी नसली तर सात रस्ता चौकापर्यंत पोचेस्तोवर मोजा तळव्याखाली गोळा झालेला असतो.

टेलरकडे जाण्याआधी कॉटनची पँट दोनदा धुवा. तीन टक्के आटली तरी २५ इंचांत पाऊण इंच गेला, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. जीन्सच्या जाड शिवणीवर दुमड आली की दहा-बारा थर होतात. तिथं साधी १४ नंबरची सुई मोडते, १६ किंवा १८ची लागते. जाणते मास्तर आधी त्या जागेवर हातोडी ठोकून थर बसवतात. दुकानात हातोडी दिसली तर निश्चिंत व्हा. मूळ कडेचा फिकट झालेला काठ हवा असेल तर "ओरिजिनल बॉटम ठेवा" असं आधीच सांगा, कात्री उचलल्यावर नव्हे.

आणि बूट पायात घालूनच जा. मास्तर टाचण्या तोंडात धरून खाली बसतील, विचारतील, "अक्का, घोटा झाकायचा का दाखवायचा?" उत्तर द्या आणि ताठ उभ्या राहा. वाकून बघायचा मोह होतो, पण वाकलं की पँट मागून वर ओढली जाते, टाचणी चुकते आणि कड इंचभर लांब राहते. समोर बघा. समोर भिंतीवर कॅलेंडर असतं, आणि त्याच्या शेजारी पाटी: "अर्जंट अल्टर घेतले जाणार नाही."