खाशाबांचं 57 किलो वजन आपण विसरलो

15 जानेवारी, म्हणजे ऑलिंपिक पदक जिंकलेल्या पैलवान खाशाबा जाधवांची जयंती आली की त्यांच्यावरचे ठरलेले मेसेज फिरायला लागतात. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी घर गहाण ठेवून दिलेले 7,000 रुपये, पदक घेऊन परत आल्यावर निघालेली 151 बैलगाड्यांची मिरवणूक आणि शेवटी न मिळालेला पद्म पुरस्कार. सगळं खरं आहे. पद्मचा राग मलाही येतो. अर्जुन पुरस्कारसुद्धा ते 1984 ला अपघातात गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी दिला. पण या हळहळीत गोळेश्वरचा हा गडी मुळात कुस्ती काय खेळला, हे कुणी बोलतच नाही.

1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा 52 किलोत उतरले. अंग तांबड्या मातीत तयार झालेलं आणि समोर मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर त्याची चाल बदलते. फडात चितपट होईपर्यंत जोड चालू राहते, मॅटवर घड्याळ कुणासाठी थांबत नाही. तरी सहावा नंबर आला. चार वर्षांनी हेलसिंकीत ते वरच्या, 57 किलोच्या गटात खेळले आणि कांस्य घेऊन आले. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर लगेच सोव्हिएत पैलवानाशी लढायला उभं केलं. नियमाने मधे अर्धा तास विश्रांती हवी होती. ती भांडून मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. इशीने त्या गटात सुवर्ण जिंकलं, म्हणजे जोड कुणाशी होती बघा.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं थेट 1996 ला, लिअँडर पेसचं. महाराष्ट्राला तर 2024 पर्यंत थांबावं लागलं आणि तेही स्वप्नील कुसाळेच्या रायफलने दिलं. कुस्तीत खाशाबांनंतर महाराष्ट्राची पाटी अजून कोरीच.

आता मला खरं खुपतं ते सांगतो. टोकियोत रवी दहियाने रौप्य घेतलं, पॅरिसमध्ये अमन सेहरावतने कांस्य. दोघांचा गट कोणता? 57 किलो. खाशाबांचाच आकडा! दोघंही हरियाणाचे, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर घडलेले.

आणि आपण? 1961 पासून महाराष्ट्र केसरी या राज्याच्या मानाच्या कुस्ती किताबाच्या गदेभोवती फिरतोय. गदा जाते वरच्या वजनाच्या मल्लाला. गाडी त्याला, फ्लेक्स त्याचे, पुढाऱ्यांसोबतचे फोटोही त्याचे. मी केसरीच्या विरोधात नाही, हलगी वाजली की मीही उठून उभा राहतो. पण खाशाबा आज असते तर आपल्या वजनावर त्या गदेला हात लावू शकले नसते. केसरीच्या त्याच अधिवेशनात, म्हणजे स्पर्धेत, 57 किलोच्याही कुस्त्या होतात. गेल्या वेळी तो गट कोणी मारला? मला नाव आठवत नाही, तुम्हालाही आठवत नसणार. घरचं दूध-बदाम परवडत नसताना तालमीत राहणाऱ्या पोराला हे बरोबर कळतं. मग तो वजन वाढवायच्या मागे लागतो, कारण इनामाच्या कुस्त्या आणि नाव दोन्ही तिकडेच आहे.

अपवाद आहेत. बीडचा राहुल आवारे, वस्ताद हरिश्चंद्र बिराजदारमामांच्या आणि पुढे काका पवारांच्या हाताखाली तयार झालेला. 2018 ला राष्ट्रकुलात 57 किलोचं सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. एवढं करून त्याचं नाव गावच्या पारावर एखाद्या केसरीएवढं घेतलं जातं का, तुम्हीच सांगा.

सरकारने 15 जानेवारी राज्य क्रीडा दिन केला, चांगलं केलं. आता एक करा. केसरीच्या शेवटच्या संध्याकाळी, मैदान गच्च भरलेलं असताना, गदेच्या कुस्तीच्या आधी 57 किलोची फायनल लावा. खाशाबांच्या नावाने. आणि जिंकणाऱ्याला ट्रॉफी-शालीवर बोळवू नका, वर्षभराचा खुराक द्या.

तोपर्यंत तुमच्या भागातल्या तालमीत 57-61 चा कोण चांगला खेळतोय, ते खाली लिहा. वस्तादांचं नावही टाका.