ढिल्या टिल्ट स्टिअरिंगवर वेल्डिंग हा उपाय नव्हे

जुन्या अमेरिकी गाड्यांच्या हौशी मंडळींत सध्या एक संदेश फिरत आहे. टिल्ट स्टिअरिंग, म्हणजे वर-खाली कलवता येणारे स्टिअरिंग, ढिले झाले असेल तर त्याचा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा ज्यातून जातो ती नळी) उघडण्याच्या भानगडीत पडू नये, असे त्यात ठासून सांगितले आहे. कॉलमची वरची नळी खालच्या नळीत जिथे शिरते तिथे वेल्डिंगचे चार टाके मारावेत, स्टिअरिंग निघत नसेल तर शाफ्टच्या, म्हणजे आतल्या दांड्याच्या, टोकावर हातोडा घालावा, खाचांत वंगणाचा फवारा मारावा, आणि तरीही हलत असेल तर जुन्या गाडीत तेवढे चालायचेच असे समजावे. शिवाय दोष मुळात मालकाचाच, कारण तो स्टिअरिंगला लटकून गाडीत चढतो. माझ्या एका मित्राने हे इतके मनावर घेतले की सत्तरच्या दशकातल्या आपल्या गाडीसाठी त्याने वेल्डरशी बोलणेही करून ठेवले. तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

नेमके काय हलते आहे ते आधी पाहा, एवढे साधे वाक्यही या संदेशात नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवावे. टिल्टच्या सांध्यावरचा संपूर्ण डोक्याचा भाग नळीच्या तुलनेत सर्व दिशांना डुलत असेल, तर आतले चार बोल्ट सैल झालेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. फक्त टिल्टच्याच दिशेने हालचाल होत असेल किंवा स्टिअरिंग खाचेतून निसटत असेल, तर ते धरून ठेवणाऱ्या दातेरी लॉकशूंकडे आणि दोन बाजूंच्या पिनांकडे पाहावे. डोके स्थिर असून नुसते स्टिअरिंग हलत असेल तर वरचे बेअरिंग किंवा शाफ्टवरचा नट तपासावा, आणि नळीसकट सगळेच हलत असेल तर डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट. स्टिअरिंग थोडे फिरवूनही पुढची चाके वळत नसतील, तर तो प्रश्न टिल्टचा नसून खालचा रबरी कपलिंग, स्टिअरिंग बॉक्स किंवा टाय रॉडचा आहे. हे पाच वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांतला एकही वेल्डिंगने बरा होत नाही.

आता त्या वेल्डिंगकडे वळू. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने बनवलेल्या टिल्ट कॉलममध्ये टिल्टचा सांधा वर, स्टिअरिंगच्या लगेच खाली असतो, आणि सैल होणारे चार बोल्ट या सांध्याचा आधार नळीला जखडून ठेवतात. संदेशात टाके मारायला सांगितलेली जागा मात्र त्याच्या बरीच खाली आहे. म्हणजे ज्या जागी काही हलतच नाही ती जागा पक्की करायची आणि जे हलते ते तसेच सोडायचे, असा हा उपाय आहे. एवढ्यावर थांबले असते तर त्याला निव्वळ निरुपयोगी म्हणून सोडून देता आले असते; पण त्या दोन नळ्या एकमेकींत सरकणाऱ्या ठेवल्या आहेत त्या चालकाचा जीव वाचावा म्हणून. त्याआधीच्या गाड्यांत समोरून धडक बसली की अखंड कॉलम भाल्यासारखा मागे येऊन चालकाच्या छातीत घुसत असे. जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलांपासून धडकेत दबणारा कॉलम आणला, आणि 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेत नव्या मोटारींसाठी 203 व 204 क्रमांकांची सुरक्षा मानके लागू झाली. त्यांपैकी 204 नुसार ताशी 30 मैल वेगाने गाडी भिंतीवर आदळली तरी स्टिअरिंग 5 इंचांपेक्षा जास्त मागे येता कामा नये. 203 हे चालकाचे शरीर स्टिअरिंगवर आदळते तेव्हा त्याला बसणाऱ्या माराविषयी आहे. चार टाक्यांनी ही सगळी सोय रद्द होते, आणि ती रद्द झाल्याचे अपघात होईपर्यंत कळतही नाही.

टाके वर, खुद्द सांध्यावर मारले तर चालेल ना, असे मित्राने विचारलेच. तेही चालणार नाही. त्या भागातून इंडिकेटरच्या वायरींचा जुडगा जातो, शाफ्टच्या दोन तुकड्यांमधले केंद्र राखणारे गोळे प्लास्टिकचे असतात, आणि एकदा डोके वेल्ड झाले की पुढे किल्लीचे कुलूप किंवा इंडिकेटरचा स्विच बिघडला तरी आत जाण्याची वाट उरत नाही.

हातोड्याचा सल्ला याच जातीचा आहे. जनरल मोटर्सच्या सर्व्हिस मॅन्युअलांत शाफ्टच्या टोकावर ठोकू नये, कॉलम खाली पाडू नये, त्यावर रेलूही नये, असा स्पष्ट इशारा आहे. शाफ्टचे सरकणारे भाग प्लास्टिकच्या बारीक खिळ्यांनी धरलेले असतात आणि हे खिळे धडकेत तुटावेत असेच बनवलेले असतात. हातोड्याचा घाव आणि अपघात यांतला फरक त्यांना कळत नाही. स्टिअरिंग काढण्यासाठी त्याच्या मध्यभागी आटे पाडलेली दोन भोके मुद्दाम दिलेली असतात, तिथे पुलर लावावा.

फवाऱ्याबाबत थोडे मान्य करावे लागेल. वर्षानुवर्षांचे ग्रीस वाळून घट्ट झाले असेल तर लॉकशू खाचेत पूर्ण बसत नाहीत, आणि तिथे सफाई करून नवे ग्रीस लावल्याने खरोखर फरक पडतो. पण सैल बोल्ट फवाऱ्याने आवळला जात नाही. स्टिअरिंगला लटकून चढल्याने बोल्टांवर ताण येतो हेही खरे. मात्र कारण सांगणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. जुन्या गाडीत चालायचेच, या वाक्याला तर उत्तर देण्याचीही इच्छा नाही.

खरी दुरुस्ती किचकट आहे, अवघड नाही. बॅटरीची तार काढावी, पुलरने स्टिअरिंग उतरवावे, लॉकप्लेट (कुलूप लावल्यावर स्टिअरिंग अडवणारी चकती) तिच्या खास हत्याराने दाबून रिंग काढावी, मग इंडिकेटरचा स्विच आणि किल्लीचे कुलूप मोकळे करावे. कुलपाशेजारच्या बझरची छोटी क्लिप नळीत पडली की अर्धा दिवस ती शोधण्यात जातो, म्हणून ती आधी जपून बाजूला ठेवावी. टिल्टची स्प्रिंग काढताना डोके सर्वांत वरच्या स्थितीत असावे, कारण तिथे तिचा ताण सर्वांत कमी असतो. तरीही तोंड लांब ठेवलेलेच बरे. बाजूच्या दोन्ही पिना ओढून काढल्या की लॉकशू मागे धरून डोके उचलता येते आणि ते चार बोल्ट समोर दिसतात. बऱ्याच कॉलमांत त्यांचे डोके बाहेरून ताऱ्याच्या आकाराचे असते, त्यामुळे साधा पाना त्यावर बसत नाही. एकेक बोल्ट काढून आट्यांवरचे तेल पुसावे, मध्यम ताकदीचे लॉकटाइट (बोल्ट पुन्हा सैल होऊ न देणारा डिंक) लावावे आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळावे.

1969 पासून जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत किल्ली कॉलमवर आली. तिची हालचाल एका दांडीवाटे खालच्या इग्निशन स्विचपर्यंत जाते, आणि डोके डुलत असताना ही दांडी नीट सरकत नसल्याने कधी कधी स्टार्टरही लागत नाही. मित्राची गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करत होती आणि त्याचा दोष तो बॅटरीला देत होता. वेल्डरला त्याने नाही म्हणून कळवले आहे. बोल्ट आवळून झाले की इग्निशन स्विचची जागा जुळवून मगच नवी बॅटरी घ्यायची की नाही ते तो ठरवणार आहे.