‘एक नंबर मोठा फ्यूज टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ ड्रायव्हरांनी मोबाईलवर दाखवला. पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘जुन्या गाडीचा फ्यूज सारखा उडत असेल तर घाबरू नका. नागपूरच्या उन्हात फ्यूज आपोआप वितळतो. कंपनी मुद्दाम कमी नंबरचा फ्यूज देते. एक नंबर मोठा टाका, विषय संपला. मोठी बॅटरी बसवली असेल तर फ्यूज टिकतच नाही. एवढं करून उडलाच तर पूर्ण वायरिंग बदला, दुसरा इलाज नाही.’ खाली हात जोडलेले आणि ‘सर्व ड्रायव्हर बंधूंना पाठवा’.

मी नागपुरात कळमन्याच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. या मेसेजमुळे माझा धंदा बुडत नाही, उलट वाढतो, कारण मोठा फ्यूज टाकलेली गाडी शेवटी माझ्याकडेच येते. फक्त दोनशेच्या कामाचे तोवर आठ हजार झालेले असतात.

आधी उन्हाचं बघू. मे 2013 मध्ये नागपुरात 47.9 अंशांपर्यंत पारा गेला होता. मे 2024 च्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, तीही बातमी अशीच सगळ्यांच्या मोबाईलवर पोचली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण 56 खरे धरले तरी काय? गाडीतल्या पात्याच्या (ब्लेड) फ्यूजमधली पट्टी बहुतेक जस्ताची असते आणि जस्त वितळतं 420 अंशांच्या आसपास. बॉनेटखाली एवढी उष्णता झाली तर फ्यूजची काळजी करायला ड्रायव्हर जागेवर राहणार नाही. गरम जागेत फ्यूजची क्षमता थोडी घटते हे खरं, पण त्याने तोच फ्यूज जातो जो आधीच काठावर चालत होता. ऊन खरी खोड काढतं ती वायरची. टेपचा डिंक पाझरतो, वायरचं कव्हर कडक होऊन तडकतं. मे महिन्यात तडकलेली वायर जूनच्या पहिल्या सरीत शॉर्ट होते आणि लोक म्हणतात, पावसाने फ्यूज उडाला.

आता मोठ्या फ्यूजचं. सगळं नुकसान या एका वाक्यात आहे.

फ्यूज बल्बला वाचवत नाही, हॉर्नला वाचवत नाही. तो वायरला वाचवतो. त्याचा नंबर, म्हणजे किती अँपिअरचा ते, कंपनीने वायरची जाडी बघून ठरवलेला असतो, कंजूषपणाने नाही. पार्किंग लाइटचं उदाहरण घ्या. पुढे दोन, मागे दोन, नंबर प्लेटचा एक, मीटरमधले बारीकसारीक, सगळे मिळून तीस-पस्तीस वॅट. 12 व्होल्टवर हा करंट तीन अँपिअरच्या आसपास येतो. फ्यूज असतो 10 चा, लाल. म्हणजे तिप्पट जागा आधीच दिलेली आहे. एवढी मोकळीक असून तो उडतोय, तर त्याला जागा कमी पडत नाहीये. कुठेतरी वायर उघडी होऊन लोखंडाला लागतेय.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फ्यूज आपल्या नंबरला उडत नाही. चांगल्या फ्यूजवर 110 टक्के करंट टाकला तर त्याने 100 तास टिकलं पाहिजे, असं मानकच आहे. 135 टक्क्यांवर तो दहा मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो, दुप्पट करंटवर पाच सेकंदांच्या आत जातो. आता एकेक नंबर वाढवत लालच्या जागी हिरवा, 30 चा, टाकला की काय होतं बघा. मागच्या लाइटला जाणारी बारीक वायर 10-15 अँपिअरच्या पलीकडे सुखाने चालत नाही. तिच्यात 25 अँपिअर वाहायला लागले तर हिरव्या फ्यूजच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. तो दिवसभर शांत बसतो. वायर मात्र तापते, कव्हर मऊ पडून शेजारच्या वायरीला चिकटतं. आणि हा गठ्ठा चेसिसवरून जातो तो बऱ्याच गाड्यांत डिझेलच्या पाइपाला लागून. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘बनवणारे’ही याच रांगेत बसतात.

काही गाड्यांत मात्र लोडच वाढलेला असतो. हेडलाइटला कंपनीचे 60/55 वॅटचे बल्ब असतात, लोक 100/90 चे टाकतात. दोन बल्बांचे दहाचे सोळा-सतरा अँपिअर झाले. पार्किंगच्याच वायरीवर कोणी एलईडी पट्ट्या आणि प्रेशर हॉर्न जोडून ठेवतो. तिथेही मोठा फ्यूज हे उत्तर नाही. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, वेगळा रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वेगळा फ्यूज, हे उत्तर आहे.

बॅटरीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. बॅटरी करंट ढकलत नाही, लोड ओढतो. पाण्याची टाकी मोठी केल्याने नळाची धार जाड होत नाही, तसंच. 60 अँपिअर-तासांच्या जागी 80 ची बसवली म्हणून पाच वॅटचा बल्ब जास्त पिणार नाही.

उरला ‘पूर्ण वायरिंग बदला’चा सल्ला. मागच्या नोव्हेंबरात अंबिया बहाराची संत्री जोरात होती, तेव्हा काटोलकडून माल आणणारा एक पोरगा आला. गाडी पंधरा वर्षांची. म्हणाला, “भाऊ, पार्किंगचा फ्यूज जाऊन राहिला. चार दिवसांत सहा गेले. कोणी म्हणते पूर्ण वायरिंग फेक. तुम्ही तं मोठा टाकून द्या, मंडईत पोचलो म्हणजे झालं.”

मी आधी मेलेला फ्यूज मागितला. लोक तो फेकून देतात, तिथेच अर्धी माहिती जाते. पट्टी दिसते ती पारदर्शक खिडकी काळपट आणि मधली पट्टी जवळजवळ नाहीशी, म्हणजे थेट शॉर्ट. खिडकी स्वच्छ आणि पट्टी मधोमध वितळून तुटलेली, म्हणजे लोड हळूहळू जास्त. पट्टी शाबूत पण एका पायाजवळचं प्लास्टिक वितळलेलं, म्हणजे होल्डरची पकड सैल, तिथे फ्यूज बदलून उपयोगच नाही. त्याच्या फ्यूजची खिडकी काजळी धरल्यासारखी होती.

मग एकच प्रश्न विचारला: “कधी जातो?”

“भरली असली की. रिकामी असली तं दोन-दोन दिवस काही नाही.”

गाडीने स्वतःच पत्ता सांगितला होता. तरी खात्री करायची पद्धत सांगतो, कोणालाही घरी जमेल. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडायचा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही, त्यामुळे शॉर्ट असला तरी काही जळत नाही आणि एकामागून एक फ्यूज खर्च होत नाहीत. पार्किंग लाइटचे सगळे बल्ब काढून स्विच चालू करायचा. वायरिंग ठीक असेल तर टेस्टचा बल्ब विझलेलाच राहतो, मीटरमधले दिवे राहिले असतील तर फार तर मंद. भक्क पेटला, तर शॉर्ट आहे. मग मागचा सॉकेट सोडा, मधला सोडा, गठ्ठा हाताने हलवा. ज्या क्षणी बल्ब विझतो, तिथे तुमचा हात असतो.

त्याच्या गाडीत आधी बल्ब विझलेलाच राहिला. माल भरलेलाच होता, मी क्रेट उतरवू दिले नव्हते, पण गाडी फरशीवर सरळ उभी होती. मग मागच्या उजव्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा घालून गाडी चढवली. कमान, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, दबली आणि डॅशबोर्डवर लटकवलेला बल्ब भक्क पेटला. ठोकळा काढला, विझला. पोरगा वाकून बघत होता, म्हणाला, “अबे, हे तं भूत आहे.”

भूत हौद्याखाली, कमानीच्या ब्रॅकेटजवळ होतं. वायरिंगची क्लिप कधीतरी तुटलेली, गठ्ठा दोन बोटं खाली लोंबलेला. माल भरून चाक खड्ड्यात गेलं की ब्रॅकेटची कड त्यावर यायची. तपकिरी वायरवर तांदळाच्या दाण्याएवढं तांबं चकाकत होतं आणि समोर लोखंडावर तेवढाच काळा डाग. वायर तिथे कापून नवा तुकडा जोडला, सोल्डरचा डाग दिला, स्लीव्ह चढवली, गठ्ठा वर घेऊन रबर लावलेल्या क्लिपेत बसवला. पाऊण तास. पूर्ण वायरिंग बदलली असती तरी क्लिपेवाचून नवा गठ्ठा त्याच कडेवर लोंबला असता.

मेसेजमध्ये फ्यूजच्या दर्जाबद्दल एक अक्षर नाही, आणि खरी तक्रार करायची तर ती तिथे आहे. हातगाडीवर दहा-दहाची पाकिटं मिळतात. लोकांना वाटतं स्वस्त फ्यूज लवकर उडतो. बरेचदा उलटं होतं, तो उडतच नाही. त्या पोराकडे तसंच एक पाकीट होतं. त्यातला एक लाल घेऊन मी बॅटरी आणि 100 वॅटचे दोन बल्ब यांच्यामध्ये जोडला. सोळा अँपिअरच्या वर करंट, 10 चा चांगला फ्यूज मिनिटाच्या आत जायला हवा. माझ्या डब्यातला त्याआधी अर्ध्या मिनिटात गेला होता. हा पाच मिनिटं झाली तरी चालूच, वरचं लाल प्लास्टिक वाकायला लागलं, वास सुटला, तेव्हा मीच वायर ओढली.

पाकिटातले बाकीचे मी त्याला परत दिले नाहीत.